व्यापारी संपत्तीकर (इंदूर)

दुकान, गोदाम, ऑफिस, कारखाना अशा धंद्याच्या जागेवर इंदूर महापालिका दरवर्षी जो कर घेते तो. पुण्याकडे याला घरपट्टी म्हणतात, पण रामबागेपासून सुदामानगरपर्यंत इंदुरातली मराठी घरं हिंदीतून आलेला संपत्तीकर हाच शब्द वापरतात.

घरपट्टीतली 'पट्टी' कुठून आली यावर दोन मतं आहेत. एक, संस्कृत पट्ट म्हणजे चिंचोळा पट्टा, त्यावरून जमिनीचा तुकडा आणि मग त्यावरचा कर. दुसरं, ठरलेल्या शेतसाऱ्यावर घेतलेली जादा वर्गणी ती पट्टी, पेशवाईतली कर्जपट्टी तशीच, आणि हेच जास्त पटतं. धंद्यावरचा जुना कर मात्र वेगळा, मोहतर्फा, अरबी हिर्फा म्हणजे हुन्नर त्यावरून आलेला, 'तर्फ'शी त्याचा काही संबंध नाही. मुंबई इलाख्यात 1844 च्या 19 व्या कायद्यानं मोहतर्फा, बलुत्यांवरचे कर, शहरजकात सगळं एका फटक्यात गेलं. इंदूर होळकरांचं संस्थान, तिथं तो कायदा लागू नव्हता, त्यामुळं अशी वसुली माळव्यात त्यानंतरही काही काळ चालली असावी.

नगरपालिका 1870 ची, दुसऱ्या तुकोजीरावांच्या वेळची. आजचा कर 1956 च्या महापालिका कायद्याखाली. 1976 मध्ये मध्य प्रदेशात चुंगी म्हणजे जकात बंद झाली, बदल्यात सरकारकडून क्षतिपूर्ती म्हणजे भरपाई मिळू लागली, पण पालिकेच्या स्वतःच्या कमाईत संपत्तीकराचं वजन वाढलं. 1997 च्या नियमांपासून मालकानंच हिशोब करून भरायचा.

कर लागतो वार्षिक भाडेमूल्यावर, 6 ते 10 टक्के. समजा राजवाड्याजवळ 150 चौरस फुटांचं दुकान आहे, फुटाला वर्षाचा दर 60 धरला तर भाडेमूल्य 9,000 आणि 10 टक्क्यांनी कर 900. वरच्या मजल्यावर मालक स्वतः राहतो त्याला राहत्या घराची निम्मी सूट, खाली दुकानाला नाही, जिना एकच आणि हिशोब दोन. यात गल्ल्याचा कुठंच विचार नाही हीच खरी अडचण, सीझन पडला, उधारी अडकली, दिवसभर ओटल्यावर बसून गिऱ्हाईक आलं नाही तरी आकडा तोच. धंदा बसलेल्या माणसासाठी हे फार कठीण आहे.

सवलत मिळते ती मुख्यतः लोकअदालतीत, तीही फक्त थकबाकीवर चढणाऱ्या अधिभारावर: अलीकडच्या वर्षांत कर आणि अधिभार मिळून बाकी 50,000 पर्यंत असेल तर अधिभार पूर्ण माफ, एक लाखापर्यंत निम्मा, त्यावर चौथाई. मूळ कर सुटत नाही. म्हणजे मदत येते ती थकल्यावर, थकायच्या आधी नाही, आणि कसंबसं वेळेवर भरणाऱ्या छोट्या दुकानदाराच्या हाती यातलं काहीच लागत नाही.

पूर्वी होळकरी इंदुरात मात्र अडचणीतल्या पेढ्यांची प्रकरणं सराफ्यातल्या अकरा पंचांपुढं जायची. व्यापाऱ्यांचीच ही पंचायत, देण्याघेण्याचे तंटे आणि दिवाळखोरी तीच निवडायची.