द्रवस्फटिकांतली हेतुपुरस्सर भेसळ

कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर काळा आकडा उमटतो, तो दोन काचांमध्ये कोंडलेल्या, काही मायक्रोमीटर जाडीच्या द्रवस्फटिकाच्या थरामुळे. हा पदार्थ द्रवासारखा वाहतो, परंतु त्याचे काडीसारखे रेणू साधारणपणे एकमेकांना समांतर राहतात. विद्युतदाब एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ते वळतात आणि त्यांतून जाणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवण, म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा, बदलते. प्रत्येक रेणू शेजाऱ्यांच्या कलाने चालत असल्यामुळे थोडासा परका पदार्थही दूरवर परिणाम घडवतो, आणि म्हणूनच या क्षेत्रात भेसळ हेतुपुरस्सर केली जाते.

याचे सर्वांत देखणे उदाहरण 1970च्या दशकाच्या आरंभी पुढे आलेल्या पीळदार रचनेच्या पडद्यात सापडते. दोन्ही काचांवरील रेणूंच्या दिशा एकमेकींशी काटकोनात ठेवल्यामुळे मधला थर 90 अंशांनी पिळला जातो. परंतु पीळ डावा असावा की उजवा, हे ठरवणारे तिथे काहीच नसते. त्यामुळे काही भाग एका बाजूला पिळला जातो, काही दुसऱ्या, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या सीमारेषा तारांसारख्या दिसतात. या रेषा प्रकाश विखुरतात व चित्र खराब करतात. डाव्या-उजव्या हातांप्रमाणे आपल्या प्रतिबिंबाशी न जुळणाऱ्या रेणूंचा एखादा पदार्थ हजारात एक-दोन भाग मिसळला, तरी सगळा थर एकाच बाजूला पिळला जातो आणि त्या रेषा नाहीशा होतात. प्रमाण वाढवले की पिळाचा एक पूर्ण वेढा तेवढ्या प्रमाणात आखूड होतो, म्हणून मोजमाप फार काटेकोर ठेवावे लागते.

आयनांची, म्हणजे द्रवस्फटिकात मिसळलेल्या विद्युतभारित कणांची, गोष्ट मात्र वेगळी आहे. एकदिश विद्युतदाब दिल्यास ते विरुद्ध इलेक्ट्रोडांकडे सरकून साचतात, प्रतिकूल क्षेत्र उभे करतात आणि रेणूंपर्यंत पोहोचणारा दाब कमी होतो. मग चित्र लुकलुकते किंवा आधीच्या चित्राची छाया मागे राहते. म्हणूनच पडद्यांत दाबाची दिशा सतत उलटवत ठेवतात. हेच आयन 1968 साली जॉर्ज हाइलमायर यांच्या पडद्यात मात्र आवश्यक होते, कारण त्यांच्या प्रवाहाने थर घुसळला जाऊन दुधाळ दिसे.

गेल्या काही दशकांत नॅनोकणांकडे लक्ष वळले आहे, आणि मला हा भाग सर्वांत आव्हानात्मक वाटतो. बेरियम टायटनेटसारख्या फेरोइलेक्ट्रिक (ज्यात स्वतःचे विद्युत ध्रुवीकरण असते आणि ते बाहेरच्या क्षेत्राने उलटवता येते अशा) पदार्थाचे कण मिसळल्यास रेणू वळवण्यास लागणारा दाब कमी झाल्याचे काही प्रयोगांत दिसले आहे. परंतु कण गोळा होऊन गुठळ्या झाल्या, तर रेणूंची मांडणीच बिघडते. टायटॅनियम डायऑक्साइडचे कण आयन शोषून घेऊ शकतात. त्यांच्याच पृष्ठभागावर आयन चिकटलेले असतील, तर ते उलट मिश्रणातल्या आयनांत भर घालतात. त्यामुळे नॅनोकणांचा परिणाम सांगताना केवळ उंबरठ्याचा दाब, म्हणजे रेणू वळू लागण्यास लागणारा किमान विद्युतदाब, मोजणे पुरेसे नाही, मिसळण्याआधी आणि नंतर मिश्रणाची विद्युतवाहकताही मोजली पाहिजे.