रिपोर्टमधलं ‘लायपेज’ आलं कुठून?

कोल्हापुरात पोटात कळ आली की पहिला संशय आदल्या रात्रीच्या तांबड्या रश्श्यावर. पण कळ पाठीपर्यंत गेली आणि उलट्या थांबेनात, तर डॉक्टर रक्तातलं लायपेज, म्हणजे चरबी फोडणारं विकर (एन्झाइम), तपासायला सांगतात. आकडा कमाल मर्यादेच्या तिपटीवर गेला की स्वादुपिंडाला सूज आल्याची शंका बळावते. मग घरचे हमखास विचारतात, “तेल लई खाल्लं म्हणून वाढलं काय?” कटाच्या एका वाटीने हा आकडा तिपटीवर जात नाही. स्वादुपिंडाच्या पेशींना इजा झाली की आतलं लायपेज रक्तात उतरतं.

चरबी पचवण्यात स्वादुपिंडाचा हात आहे हे दाखवलं फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लॉड बर्नार यांनी, 1848 च्या सुमारास, आणि तेही एका सशामुळे. सशात पित्तनलिका जठराच्या जवळच आतड्यात उघडते, स्वादुपिंडाची नलिका मात्र बरीच खाली. चरबी खाऊ घातलेल्या सशाचं पोट उघडल्यावर आतड्यातून चरबी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या या खालच्या नलिकेनंतरच दुधासारख्या पांढऱ्या दिसल्या. स्वादुपिंडाचा रस चरबीचं विघटन करून मेदाम्लं आणि ग्लिसरॉल मोकळं करतो, हेही त्यांनी दाखवलं. गंमत म्हणजे पुढे त्यांचेच शिष्य आल्बेर दास्त्र यांनी कुत्र्यात उलटी जोडणी केली, म्हणजे पित्त खाली नेऊन सोडलं. तिथे नळ्या पांढऱ्या झाल्या त्या पित्त मिसळल्यानंतर. म्हणजे दोन्ही रस लागतात. रश्श्यावर तेलाचा तवंग तरंगतो तशी चरबी आतड्यातही पाण्यापासून फटकून असते. पित्त तिचे बारीक थेंब करतं, आणि त्या थेंबांच्या पृष्ठभागावर लायपेज काम करतं.

आजाराशी संबंध उलगडला तो शवविच्छेदनाच्या टेबलावर. 1882 मध्ये जर्मनीत बाल्झर यांनी स्वादुपिंडाभोवतीच्या चरबीत खडूसारखे पांढरे ठिपके नोंदवले. चरबी फुटून सुटलेली मेदाम्लं कॅल्शियमला धरून बसलेली. रसायनशास्त्राच्या हिशेबाने हा चक्क साबण. 1896 मध्ये कियारी यांनी म्हटलं की स्वादुपिंड स्वतःलाच पचवतं. रक्तातलं लायपेज मोजायची चेरी-क्रँडल पद्धत आली 1932 मध्ये, पण त्यात ऑलिव्ह तेलाबरोबर रक्तद्रव 24 तास ठेवावा लागे. कळवळणाऱ्या पेशंटला एवढी सवड कुठली? त्यामुळे कितीतरी वर्षं अमायलेजची, म्हणजे स्वादुपिंडातल्याच पिष्ट पचवणाऱ्या विकराची, चलती राहिली. लायपेज अमायलेजपेक्षा जास्त दिवस चढलेलं राहतं, म्हणून उशिरा दवाखान्यात येणाऱ्यांसाठी तेच अधिक उपयोगी. पण सोप्या चाचण्या येईपर्यंत ते मागेच पडलं.

दुसरं एक लायपेज रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीला चिकटून असतं. त्याचा सुगावा योगायोगाने लागला. 1943 मध्ये पॉल हान यांनी चरबीयुक्त जेवणानंतर रक्तद्रव दुधाळ झालेल्या कुत्र्यांना हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, टोचलं आणि तो दुधाळपणा भराभर ओसरला. हेपारिनने भिंतीवरचं विकर सुटं झालं होतं. 1955 मध्ये कॉर्न यांनी त्याला लायपोप्रोटीन लायपेज असं नाव दिलं. 1960 मध्ये हॅवेल आणि गॉर्डन यांनी दाखवलं की काही घराण्यांत हेच विकर जन्मतः कमी असतं. अशांच्या रक्तातले ट्रायग्लिसराइड्स हजाराच्या पुढे जातात, नळीतलं रक्त ठेवलं की वर साय आल्यासारखा थर जमतो आणि स्वादुपिंडाला पुन्हा पुन्हा सूज येते. तेल-तुपाचा खरा दोष कुठे असेल तर या रस्त्याने. अर्थात साध्या माणसात पित्ताशयाचे खडे आणि दारू ही कारणं त्याच्या कितीतरी पुढे.

कोल्हापूरच्या तालमींशी या दुसऱ्या लायपेजचा संबंध जवळचा. स्नायूंना कष्ट पडले की तिथलं लायपोप्रोटीन लायपेज वाढतं आणि रक्तातली चरबी जळायला स्नायूंत जाते. जेवणानंतर इन्सुलिन वाढलं की तेच विकर चरबीच्या पेशींत जोर धरतं, आणि चरबी साठवणीला लागते. पहिलवान जोर-बैठका मारतोय तोवर म्हशीचं धारोष्ण दूध, तूप, थंडाई अंगी लागते. कुस्ती सुटते, खुराक तसाच राहतो, आणि स्नायूंतलं हे विकर मात्र व्यायाम थांबल्यावर काही दिवसांतच उतरतं.