उलट्या-मळमळीच्या दिवसांत डबा कसा खायचा

नमस्कार ताई,

तुम्ही आमच्याकडे गरोदरपणाचा डबा लावलाय किंवा लावायचा विचार करताय म्हणून हा कागद देतोय, स्वतः वाचा आणि घरात जे स्वयंपाक करतात त्यांनाही वाचायला द्या. सुरुवातीच्या महिन्यातले डबे परत कसे येतात ते आम्ही रोज बघतो, भात हललेला नसतो, पोळीची घडी मोडलेली नसते, फक्त लिंबाच्या लोणच्याची फोड तेवढी संपलेली असते. मग संध्याकाळी सासूबाईंचा नाहीतर आईचा फोन येतो, अहो हिच्या पोटात काहीच जात नाही, बाळाला कसं मिळणार.

आधी ती काळजी बाजूला ठेवा. पहिल्या तीन महिन्यात बाळ इतकं लहान असतं की त्याला लागणारं बरंचसं आईच्या अंगातल्या साठ्यातून मिळतं. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आहार मार्गदर्शनात गरोदर बाईला रोजच्या ३५० कॅलरी जास्तीच्या सांगितल्यात त्यासुद्धा चौथ्या महिन्यापासून पुढच्या. त्यामुळे 'दोन जिवांची आहेस, खा' म्हणून ताटात वाढत जाऊ नका, आग्रहाने खाल्लेला घास बहुतेक वेळा तसाच बाहेर येतो आणि वर घसा सोलवटतो. या दिवसांत बघायचं एवढंच की जे खाल्लं ते पोटात राहतंय ना आणि पाणी जातंय ना. पौष्टिक वगैरे नंतर बघू, त्याला पुढे भरपूर वेळ आहे.

मळमळ दर १० पैकी ७-८ जणींना होते. पाळीच्या तारखेपासून मोजलं तर सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, नवव्याच्या आसपास सगळ्यात जोर असतो आणि बहुतेकींची १६ ते २० आठवड्यांपर्यंत उतरते, काहींची मात्र लांबते. सकाळचीच असते असं काही नाही, कित्येकींना संध्याकाळी ऑफिसमधून येताना लोकलच्या गर्दीत जास्त होते. कारण शोधायला घरात चर्चा चालतात, पित्ताची प्रकृती आहे, बाहेरचं खाल्लं, मनाने घेतलंय. असं काही नाहीये. २०२३ च्या शेवटी 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात मोठा अभ्यास आला, त्यात दिसलं की बाळाच्या आणि वारेच्या बाजूने जीडीएफ १५ नावाचं हार्मोन आईच्या रक्तात येतं आणि जिच्या अंगाला आधीपासून त्याची सवय कमी तिला त्रास जास्त. म्हणजे ही नाटकं नाहीत आणि नाजूकपणाही नाही, हे घरच्यांनी नीट समजून घ्या. आणि उलट्यांवरून मुलगा की मुलगी तेही कळत नाही, तो विषय घरात काढूच नका.

आता खाण्याचं. रिकामं पोट हा सगळ्यात मोठा शत्रू. रात्री झोपताना उशाशी एक छोटी डबी ठेवा, त्यात ज्वारीच्या लाह्या, चुरमुरे, खाकरा, टोस्ट जे आवडेल ते, आणि सकाळी जाग आली की पाय खाली टाकायच्या आधी पडल्या पडल्या दोन घास चावून खा, मग १५-२० मिनिटं तशाच पडून रहा, मग हळू उठा. चहा त्यानंतर. उठल्या उठल्या रिकाम्या पोटी कडक चहा घेतला की काय होतं ते तुम्हाला आता माहीत झालंच असेल. पुढे दिवसभर दीड-दोन तासांनी मूठभर काहीतरी, त्यात फुटाणे शेंगदाणे ठेवा कारण नुसत्या बिस्किटांपेक्षा त्यांच्यावर पोट जास्त वेळ शांत राहतं. पाणी जेवताना गटागट पिऊ नका, जेवणाच्या मधल्या वेळात थोडं थोडं. संकष्टी, सोमवार वगैरे उपास या दिवसांत सोडाच, देव काही रागावत नाही, आणि उपासाची तुपकट साबुदाणा खिचडी तर या पोटाला आणखीनच जड जाते.

वासाचं वेगळं लिहितो कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त तक्रार त्याची येते. लसणाची फोडणी, कुकरची शिट्टी झाल्यावर येणारी भाताची वाफ, शेजारच्यांकडे भाजलेले सुके बोंबील, हे एरवी आवडणारे वास आता नकोसे होतात. गरम पदार्थाचा वास जास्त पसरतो, म्हणून या काळातला डबा आम्ही मुद्दाम गार करून देतो, दहीभात, मेतकूट भात, ताक घातलेलं नाचणीचं आंबील, काकडीची कोशिंबीर, मुगाची मऊ खिचडी पण कोमट. लसूण हिंग बंद. उघडताना डबा तोंडापासून लांब धरा, झाकण काढून दोन मिनिटं खिडकीशी ठेवा. शक्य असेल तर फोडणीचा स्वयंपाक काही आठवडे दुसऱ्या कुणीतरी करावा. नवरोबा, हे तुमच्यासाठी आहे, शिकून घ्या.

आलं खरंच उपयोगी पडतं. ज्या अभ्यासांमधे फायदा दिसला त्यात दिवसाला साधारण १ ग्रॅम सुंठ चार वेळा विभागून दिली होती, म्हणजे चिमूट चिमूटच, वाटीभर काढा करून पिण्याची गरज नाही, छातीत जळजळ होईल. आलेपाकाची वडी चघळा, किंवा लिंबू मीठ लावलेला आल्याचा काप. कोकम सरबत, आवळा, लिंबू यांनी तोंडाची चव परत येते. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका, पोटातल्या आम्लाने दाताचं वरचं कवच मऊ झालेलं असतं, साध्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून चूळ भरा आणि अर्ध्या तासाने दात घासा.

दोन गोष्टी स्पष्टच लिहितो. मळमळ दबते म्हणून काही बायका मशेरी लावतात, आणि मोठ्या बायकाच ती देतात. ती तंबाखू आहे ताई, हिरडीतून रक्तात जाते आणि बाळ कमी वजनाचं होतं, ती आजच बंद करा. आणि माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर लपवू नका, लाजू नका, ते बऱ्याचदा लोह कमी असल्याचं लक्षण असतं, डॉक्टरांना सांगा.

औषधाला घाबरू नका, पण मनाने दुकानातून आणूही नका. डॉक्सिलामाईन आणि बी ६ जीवनसत्वाची गोळी डॉक्टर बरेचदा पहिली देतात, तिने झोप येते. गरोदरपणात गोळी म्हटलं की जुनी भीती बसलेली आहे कारण थॅलिडोमाईड नावाचं मळमळीवरचं औषध १९६१ साली बाजारातून काढावं लागलं होतं, त्याने बाळांचे हातपाय अधू झाले होते. डॉक्सिलामाईन-बी ६ हे वेगळं औषध आहे, लाखो बायकांनी घेतलेलं आणि पुन्हा पुन्हा तपासलेलं. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी चालू ठेवा, सकाळी उलटून पडत असेल तर रात्री झोपताना घ्या. लोहाची गोळी सुरू असेल आणि तिने त्रास वाढत असेल तर डॉक्टरांना विचारा, सरकारी दवाखान्यातही ती पहिले तीन महिने झाल्यावरच सुरू करतात.

आता हे मात्र नीट वाचा. पूर्ण दिवस पाण्याचा घोटही पोटात राहत नसेल, सात-आठ तास लघवी झाली नसेल किंवा ती गडद पिवळी होत असेल, उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी येत असेल, उलटीत रक्त असेल, ताप, पोटात दुखणं, लघवीला जळजळ असेल, किंवा वजन झपाट्याने उतरत असेल (५५ किलोच्या बाईचं पावणेतीन किलो म्हणजे बरंच झालं), तर घरगुती उपाय थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. सलाईन लागतं आणि त्याने बरं वाटतं. गाडीची सोय नसेल तर १०८ किंवा १०२. तोवर चमचा चमचा ओआरएस दर काही मिनिटांनी, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवलेलं, गोड टेट्रापॅक ज्यूस त्याच्या जागी नको.

नोकरी करणाऱ्या ताईंसाठी एक, ऑफिसमधे कुणी आपणहून सांगत नाही म्हणून लिहितो. सामाजिक सुरक्षा संहितेत (नोव्हेंबर २०२५ पासून ती जुन्या मातृत्व लाभ कायद्याच्या जागी आली) गरोदरपणामुळे आलेल्या आजारपणासाठी एक महिन्यापर्यंत पगारी रजा आहे, बाळंतपणाच्या २६ आठवड्यांपेक्षा वेगळी. कायदा तुमच्या ऑफिसला लागू होतो का ते बघा आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडून लेखी अर्ज द्या.

डब्याचं म्हणाल तर या काळात डिंकाचे, मेथीचे लाडू आमच्याकडून घेऊ नका, आम्हीही देणार नाही, ते बाळंतपणानंतर. ज्या दिवशी काहीच नकोसं वाटतंय त्या दिवशी सकाळी ९ च्या आत फोन करा, डबा बंद ठेवू आणि पैसे पुढच्या आठवड्यात वळते करू. नुसती पेज आणि लोणचं हवं असेल तर तेही सांगा, पेज वेगळ्या थर्मासमधे येईल.