सूक्ष्मगुरुत्वातली मेणबत्ती

अंतराळवीरांनी यानात मेणबत्ती पेटवून केलेले ज्वलनाचे प्रयोग. यानातल्या या स्थितीला सूक्ष्मगुरुत्व म्हणतात. शून्य गुरुत्व हा शब्द सर्रास वापरतात पण तो बरोबर नाही, 400 किमी उंचीवरही पृथ्वीचं गुरुत्व जमिनीवरच्या साधारण 89 टक्के असतं, फक्त यान आणि आतलं सगळं एकत्रच पडत असतं म्हणून वजन जाणवत नाही. त्यामुळे गरम हवा वर चढत नाही आणि ज्योतीला टोकच येत नाही.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. काहीजण 1950 च्या दशकात टोकियोत कुमागाई यांनी खाली पडणाऱ्या पेटीत जाळलेल्या इंधनाच्या थेंबांपासून धरतात, पण माणसासोबतचे प्रयोग म्हटलं तर 1974 च्या सुमाराचे स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकावरचेच आधीचे धरावेत. जमिनीवर नासाच्या क्लीव्हलंडच्या विवरात प्रयोगाची पेटी 132 मीटर खाली पडू दिली तर वजनरहित असे जेमतेम 5.18 सेकंद मिळतात, तेवढ्यात ज्योत स्थिरावतही नाही.

1992 मध्ये एसटीएस-50 या अमेरिकी स्पेस शटलच्या फेरीवर ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या बंद कपाटात, मेणबत्त्या पेटवल्या. पहिले काही सेकंद ज्योत पिवळसर, मग काजळी संपून अर्धगोल, फिकट निळी, दिवे मालवल्याशिवाय नीट दिसतही नाही अशी, आणि बऱ्याचशा मिनिटभरात विझल्या. इथूनच वाद सुरू झाला, कारण नुसत्या विसरणाने म्हणजे डिफ्यूजनने ऑक्सिजन येत असेल तर ज्योत टिकू शकते का हा प्रश्न होता. एक मत असं की टिकणारच नाही, दुसरं असं की दोष मेणबत्तीभोवतीच्या भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या पेटीचा, ती बाहेरचा ऑक्सिजन अडवते. 1996 मध्ये मीर या रशियन अंतराळ स्थानकाच्या प्रिरोदा मॉड्यूलमध्ये अमेरिकी अंतराळवीर शॅनन ल्यूसिड यांनी तारेच्या जाळीच्या पेटीत तोच प्रयोग केला आणि एक ज्योत 45 मिनिटांच्या वर जळली, त्यामुळे दुसरं मत जास्त पटतं. तिथे मेण पूर्ण वितळूनही सांडत नव्हतं, पृष्ठताणाने वातीभोवती चिकटून राहायचं, आणि ज्योत विझली की वातीभोवती मेणाच्या वाफेचं पांढरं धुकं गोळा व्हायचं.

विझण्याआधी ज्योतीची कड मागेपुढे हलते, ते का हे अजून पक्कं ठरलेलं नाही. ऑक्सिजन कमी पडला की कड मागे सरते, मग रिकाम्या जागेत मेणाची वाफ आणि हवा मिसळते आणि कड परत पुढे धावते, हे स्पष्टीकरण बरंचसं जुळतं.

पुढे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात फ्लेक्स नावाच्या प्रयोगांत हेप्टेन या द्रव इंधनाचे थेंब जाळताना उष्ण ज्योत विझल्यावरही थेंब आकसत राहिला, तेव्हा न दिसणाऱ्या थंड ज्योतीचा शोध लागला (2012 मध्ये प्रसिद्ध). थंड म्हणजे फक्त तुलनेने, तापमान काही शे अंश सेल्सियस असतंच. डिझेल इंजिनातलं ज्वलन समजायला हे फार मोलाचं आहे.

यानातल्या आगीच्या सुरक्षेसाठीही हे उपयोगी आहे, धूर वर जाणारच नाही म्हटल्यावर धूरसूचक छताला लावून काय उपयोग, तो हवा खेचणाऱ्या मार्गात बसवावा लागतो.