उडता झुला

उडता झुला हा फिरत्या सर्कशीतला फार जोखमीचा हवाई खेळ. एका झुल्यावरून सुटलेला फ्लायर हवेत कोलांटी घेतो आणि समोरच्या झुल्याला पायांनी उलटा लोंबकळणारा कॅचर त्याला झेलतो. कॅचर नसलेला, एका झुल्यावरून दुसऱ्या झुल्यावर झेप घेण्याचा याचा मूळ प्रकार फ्रेंच कसरतपटू झ्यूल लेओतार याने १८५९ मध्ये पॅरिसला पहिल्यांदा केला. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये भारतीय सर्कस सुरू केली, तेव्हा तिचा मान घोड्यांना होता. सर्कशीतल्या वाघ, सिंह, अस्वलांवरची बंदी २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केल्यावर खेळाची बरीच भिस्त झुल्यावर आली.

विदर्भातल्या खेड्यांत तंबूच्या खेळांचा काळ दिवाळीनंतरच्या मंडईपासून, म्हणजे गावजत्रेपासून, उन्हाळ्यापर्यंत. जागा मिळते ती पूर्वेकडे धान निघालेली बांधी (भातखाचर), पश्चिमेकडे कापसाची उलंगवाडी झालेले, म्हणजे वेचणी संपलेले वावर. अशा वावरात पऱ्हाटीची (कापसाच्या झाडांची) खुंटे जमिनीत राहतात. ती खणून काढली नाहीत तर खाली पसरलेली जाळी त्यांत अडकून फाटते. खरी अडचण काळ्या मातीची. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. भेगेजवळ ठोकलेली मेख सुरुवातीला घट्ट वाटते आणि ताण आला की माती घेऊनच वर येते. म्हणून मुरमाड जागा मिळाली तर तीच घ्यावी. नाहीतर लांब लोखंडी मेख खांबापासून बाहेर कलती ठोकून तिच्या मागे दुसरी मेख बांधतात. झुल्याच्या सांगाड्याचे ताण तंबूच्या दोरांना कधीच बांधू नयेत: वाऱ्याने कापड फुगले की झुलाही हलतो. जाळीचा दोर सुती असेल तर दवाने आखडतो, उन्हात सैल पडतो. पहाटे ओढून ठेवलेली जाळी संध्याकाळी पुन्हा तपासलीच पाहिजे.

फ्लायरचा चौथरा साधारण ३० फुटांवर, जाळी ८ ते १० फुटांवर. टांगणीपासून शरीराच्या मध्यापर्यंत ४ मीटर असतील तर जाऊन परत यायला चार सेकंदांहून किंचित जास्त वेळ लागतो. माणूस जड की हलका याने फरक पडत नाही. दोराची लांबी बदलली की ताल बदलतो. झोका अगदी टोकाला जाऊन क्षणभर थांबल्यासारखा होतो, तेव्हाच हात सोडायचा. हात सुटल्यावर झेलायला अर्धा सेकंद उशीर झाला तर पडणारे शरीर सव्वा मीटर, म्हणजे चार फूट खाली गेलेले असते. एवढे अंतर कोणत्याही कॅचरचे हात भरून काढू शकत नाहीत.

सर्कशीतल्या प्रेमनाट्यांत ठरलेला प्रसंग असतो: मत्सराने पेटलेला कॅचर ऐन वेळी हात सोडतो आणि नायिका कोसळते. हे झुल्याच्या कामाशी जुळत नाही. पकड बोटांची नसते, मनगटाला मनगट असते. दोघांनीही एकमेकांना धरलेले असते. चूक बहुतेक वेळा त्याआधीच, सुटण्याच्या वेळेत, घडलेली असते. असे नाटक लिहिणाऱ्याने वैर पकडीत न दाखवता तालात दाखवावे. रागावलेल्या जोडीदाराची हाक ऐकून फ्लायर क्षणभर थबकते, आणि तेवढ्यात झोका हातचा जातो. हे दृश्य जास्त खरे आहे आणि जास्त भयंकरही.

झेल चुकला तर पायांवर उतरू नये. पाय जाळीच्या घरांत शिरून घोटा किंवा गुडघा मोडतो. हनुवटी छातीला लावून पाठीवर पडायचे, उसळी बसू द्यायची आणि मगच कडेला सरकून उतरायचे. चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात दुपारच्या खेळाला तळहात सतत ओले होतात, म्हणून प्रत्येक फेरीआधी हातांना आणि मनगटांना पांढरी मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड चोळतात. फार चोळली तर तिचे गोळे होतात, आणि घामाने गोळे सुटले की हात अधिकच निसटतो.