कुलगुरू (महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठे)

सार्वजनिक विद्यापीठाचा विद्याविषयक आणि कार्यकारी प्रमुख. महाराष्ट्रातील अकृषी विद्यापीठांत हे पद ‘महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६’ या कायद्याने बांधलेले आहे. हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला आणि १९९४चा विद्यापीठ कायदा रद्द झाला. कृषी विद्यापीठे आणि नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ यांचे कायदे वेगळे आहेत. या नोंदीत मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर अशा संशोधन विभागही चालवणाऱ्या आणि शेकडो महाविद्यालयेही सांभाळणाऱ्या विद्यापीठांचा विचार आहे.

शब्दाचा घोळ आधी मिटवायला हवा. मराठीत कुलपती म्हणजे राज्यपाल आणि कुलगुरू म्हणजे विद्यापीठ प्रत्यक्ष चालवणारी व्यक्ती. हिंदीत मात्र विद्यापीठ चालवणाऱ्यालाच ‘कुलपति’ म्हणत आले आणि राज्यपाल झाले ‘कुलाधिपति’. त्यामुळे हिंदी बातमी घाईत मराठीत उतरवली की राज्यपालांनाच पदावरून काढल्याचा मथळा होऊ शकतो. मध्य प्रदेशाने २०२४ मध्ये आणि राजस्थानने २०२५ मध्ये ‘कुलपति’ऐवजी ‘कुलगुरु’ स्वीकारले, तेव्हा निदान त्या राज्यांपुरता हा गोंधळ कमी झाला.

पूर्वपीठिका

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. मुंबईचे गव्हर्नर कुलपती असत आणि कुलगुरूपद बराच काळ हायकोर्टाचे न्यायाधीश, सरकारी अधिकारी आणि मिशनरी विद्वान यांच्याकडे जाई. तेव्हाचे विद्यापीठ मुख्यतः परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे होते. शिकवणे महाविद्यालयांत चाले, म्हणून कुलगुरूने पूर्णवेळ विद्यापीठात बसावे अशी अपेक्षाच नव्हती. काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे १८९२ मध्ये मुंबईचे पहिले भारतीय कुलगुरू झाले. तेही न्यायाधीशच होते. त्यांच्यानंतर रा. गो. भांडारकर आले आणि संस्कृतचा संशोधक त्या खुर्चीवर बसला. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू (१९४९) मुकुंदराव जयकर बॅरिस्टर होते, तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू (१९६२) आप्पासाहेब पवार इतिहासाचे अभ्यासक. पुढे विद्यापीठांच्या आवारात पदव्युत्तर विभाग वाढले, प्रयोगशाळा आल्या आणि पद पूर्णवेळचे झाले. परीक्षा घेण्याचे जुने काम मात्र सुटले नाही. आजच्या कुलगुरूच्या दिवसाचा मोठा भाग त्यातच जातो.

निवड

मुदत पाच वर्षे किंवा वयाची ६५ वर्षे, यांतले जे आधी येईल ते. त्याच विद्यापीठात त्याच पदावर पुन्हा नेमणूक होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या विनियमांनुसार उमेदवाराला प्राध्यापकपदाचा, किंवा नामांकित संशोधन वा शैक्षणिक प्रशासन संस्थेतील तशाच दर्जाच्या कामाचा, किमान दहा वर्षांचा अनुभव लागतो. कुलगुरूपदासाठी नावे सुचवणाऱ्या शोध समितीच्या सदस्यांचा त्या विद्यापीठाशी किंवा त्याच्या महाविद्यालयांशी कोणताही संबंध नसावा, अशीही अट आहे.

२०१६च्या मूळ कायद्यात समिती तीन जणांची होती. कुलपतींनी नेमलेला अध्यक्ष, राज्य शासनाचा प्रधान सचिव दर्जाचा अधिकारी, आणि व्यवस्थापन परिषद (कारभार पाहणारे मंडळ) व विद्या परिषद (अभ्यासक्रम व विद्याविषयक बाबी ठरवणारे मंडळ) यांनी मिळून सुचवलेला राष्ट्रीय संस्थेचा संचालक किंवा प्रमुख. यात यूजीसीचा माणूस नव्हता. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील सरदार पटेल विद्यापीठाच्या आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केरळच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरूंची नेमणूक रद्द केली. कारण दोन्ही वेळा एकच होते, यूजीसीचे विनियम डावलले गेले. महाराष्ट्रालाही मग आपल्या समितीत यूजीसीचा प्रतिनिधी घ्यावा लागला.

प्रत्यक्ष क्रम असा असतो. समिती जाहिरात काढते. उमेदवार विहित नमुन्यातला अर्ज, प्रकाशनांची आणि प्रकल्पांची यादी आणि विद्यापीठासाठीचा आपला आराखडा देतात. छाननी होऊन निवडक उमेदवारांना सादरीकरणाला बोलावले जाते. समिती किमान पाच नावे पसंतीचा क्रम न लावता राजभवनात पाठवते. कुलपती त्या सर्वांशी बोलतात आणि एकाच्या नावाचा आदेश निघतो. हे सगळे वेळेत पूर्ण व्हायचे तर मुदत संपण्याच्या निदान सहा महिने आधी समिती बसायला हवी. ती बसत नाही. सदस्याचे नाव सुचवण्यात परिषद वेळ घेते, एखादा सदस्य नकार कळवतो, कोणी न्यायालयात जातो, आणि मग ‘प्रभारी’ येतो.

पुणे विद्यापीठाचे पद मे २०२२ मध्ये आणि मुंबईचे सप्टेंबर २०२२ मध्ये रिकामे झाले. दोन्हीकडे पूर्णवेळ कुलगुरू जून २०२३ मध्ये मिळाले. दरम्यान पुण्याचा कारभार लोणेरे येथील तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या, तर मुंबईचा कारभार कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे अतिरिक्त होता. प्रभारी माणूस कितीही सक्षम असला तरी लांब पल्ल्याचा निर्णय घेत नाही. नवी भरती, केंद्र उभारणे किंवा विभागांचे विलीनीकरण अशा फायलींवर ‘नियमित कुलगुरू रुजू झाल्यावर सादर करावे’ असा शेरा पडतो आणि त्या कपाटात जातात.

डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने एक दुरुस्ती विधेयक मंजूर केले होते. त्यानुसार शासनाने दोन नावे पाठवावीत, त्यांतून राज्यपालांनी एक निवडावे आणि उच्च शिक्षणमंत्री प्र-कुलपती व्हावेत असे ठरत होते. त्याला संमती मिळाली नाही आणि पुढच्या सरकारने ते मागे घेतले. खुर्ची कोणाच्या शब्दाने भरायची हा वाद त्यानंतरही संपलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने नव्या विनियमांचा मसुदा काढला. उद्योग आणि प्रशासन क्षेत्रांतील अनुभवी व्यक्तींनाही या पदाची वाट मोकळी करणारा हा मसुदा होता, आणि त्यावर अनेक राज्यांनी हरकत घेतली.

बरोबरचे लोक

कुलगुरूच्या खालोखाल प्र-कुलगुरू. त्यांचे नाव कुलगुरूंकडून येते आणि त्यांची मुदत कुलगुरूंच्या मुदतीबरोबरच संपते. अधिष्ठाते, म्हणजे विद्याशाखांचे प्रमुख (डीन), चार असतात, विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास या चार विद्याशाखांचे प्रत्येकी एक. १९९४च्या कायद्यात अधिष्ठाता निवडून येई आणि आपली नोकरी सांभाळून ते काम करी. २०१६च्या कायद्याने तो पूर्णवेळ पगारी अधिकारी झाला. तो प्र-कुलगुरूंच्या नियंत्रणाखाली काम करतो, आणि त्याची मुदतही कुलगुरूंशीच बांधलेली आहे.

हेतू चांगला होता. नव्या प्रमुखाला आपली माणसे घेऊन काम करता यावे. परिणाम असा की कुलगुरू गेले त्याच दिवशी प्र-कुलगुरू आणि चारही अधिष्ठाते जातात. विद्याविषयक बाजूला कालपर्यंतची फाइल माहीत असलेला वरिष्ठ माणूस उरत नाही. उरतात कुलसचिव, वित्त व लेखा अधिकारी आणि परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक. त्यांतही एखादे पद प्रभारीच असते.

कुलसचिव हा प्रशासनाचा प्रमुख आणि अधिसभा (सिनेट), विद्या परिषद व व्यवस्थापन परिषद यांचा सचिव. व्यवस्थापन परिषदेचे आणि विद्या परिषदेचे अध्यक्षपद कुलगुरूंकडे असते. अधिसभेचे अध्यक्ष कुलपती असले तरी बैठक बहुधा कुलगुरूच चालवतात. अमेरिकन विद्यापीठांत ‘प्रोव्होस्ट’ ज्या स्वतंत्र वजनाने विद्याविषयक बाजू पाहतो तसे वजन प्र-कुलगुरूला इथे मिळत नाही. तो कुलगुरू सोपवतील ती कामे पाहतो.

अधिकार आणि कलम १२(७)

नवा विषय अभ्यासक्रमात यायचा तर वाट ठरलेली आहे. विभाग मसुदा करतो, तो अभ्यास मंडळाकडे जातो, तिथून विद्याशाखेकडे, तिथून विद्या परिषदेकडे. जून-जुलैत वर्ग सुरू व्हायचे असतील तर मंडळाची बैठक जानेवारी-फेब्रुवारीत व्हायला हवी. ती एप्रिलमध्ये होते, कारण मार्चभर परीक्षा. विद्याशाखेची बैठक मेमध्ये, म्हणजे सुट्टीत, गणसंख्येअभावी तहकूब होते. विद्या परिषद जुलैत. तोपर्यंत प्रवेश झालेले असतात.

इथे कलम १२(७) उपयोगी पडते. तातडीची बाब असेल तर संबंधित प्राधिकरणाऐवजी, म्हणजे त्या परिषदेऐवजी किंवा मंडळाऐवजी, कुलगुरू स्वतः निर्णय घेऊ शकतात आणि तो नंतर त्या प्राधिकरणापुढे ठेवतात. प्राधिकरणाचे मत वेगळे पडले तर बाब कुलपतींकडे जाते. व्यवहारात अशा वेळी मतभेद नोंदवला जात नाही. कार्यक्रमपत्रिकेत ‘मा. कुलगुरू महोदयांनी कलम १२(७) अन्वये घेतलेल्या निर्णयाची नोंद घेणे’ असा विषय येतो, सोबत दहा-पंधरा पानांचे परिशिष्ट असते, आणि तीन मिनिटांत कार्योत्तर मान्यता मिळते. हे कलम आणीबाणीसाठी आहे. एका वर्षात ते किती वेळा वापरले गेले हे इतिवृत्तांत मोजले, तर त्या विद्यापीठाच्या मंडळांच्या बैठका वेळेवर होतात की नाही हे लगेच कळते.

अधिकाराची दुसरी जागा कमी दिसते, ती म्हणजे नामनिर्देशन. अभ्यास मंडळे, निवड समित्या, चौकशी समित्या, संलग्नतेसाठी महाविद्यालयात जाणाऱ्या स्थानिक चौकशी समित्या अशा सगळ्यांवर कुलगुरूंचे प्रतिनिधी असतात. २०१६च्या कायद्याने निवडून आलेल्यांचे प्रमाण घटवून नामनिर्देशितांचे वाढवले. कुलगुरूला दिशा बदलायची असेल तर भाषणापेक्षा या याद्यांवरची सही जास्त काम करते.

संशोधनाशी संबंध

संशोधन विद्यापीठाच्या प्रमुखाची सही संशोधनावर कुठे पडते, याचे सर्वांत ठळक उदाहरण पीएच.डी.चा प्रबंध. २०२२च्या यूजीसी विनियमांनुसार अवधी किमान तीन आणि कमाल सहा वर्षे आहे, त्यापुढे दोन वर्षांची वाढ मिळू शकते. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी असू शकतात. प्रबंध मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो आणि सादर केल्यापासून सहा महिन्यांत सगळी प्रक्रिया संपावी अशी अपेक्षा आहे.

परीक्षकांच्या नावांची यादी मार्गदर्शक देतो. बहुतेक ठिकाणी ती बंद पाकिटात अधिष्ठात्यांमार्फत कुलगुरूंकडे जाते आणि ते नावांपुढे १, २, ३ असे क्रम टाकतात. सहा महिने इथेच जातात. पहिल्या नावाला विचारणा जाते, उत्तर येत नाही, तीन आठवड्यांनी स्मरणपत्र, मग दुसरे नाव. यादीतले एक प्राध्यापक निवृत्त झालेले असतात, एकाचा ईमेल पत्ता जुन्या संस्थेतला असतो. यादी संपली की नवी मागवून फाइल पुन्हा पहिल्यापासून. जिथे नावे मागवतानाच परीक्षकांची तोंडी संमती घेतलेली असते आणि पत्रावर उत्तराची तारीख छापलेली असते, तिथे हा काळ निम्म्यावर येतो. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही.

शिक्षकांच्या रिक्त जागा हा याहून मोठा अडसर आहे. पदे मंजूर करणे आणि भरतीला परवानगी देणे शासनाच्या हाती आहे, कुलगुरूंच्या नाही. जागा रिकाम्या राहिल्या की मार्गदर्शक कमी होतात, मार्गदर्शक कमी झाले की संशोधक विद्यार्थ्यांच्या जागा कमी होतात आणि प्रकल्पही. राष्ट्रीय मानांकनात (एनआयआरएफ) विद्यापीठांसाठी ‘अध्यापन, अध्ययन व संसाधने’ या घटकाला ३० टक्के आणि संशोधनाला ३० टक्के भार आहे. रिक्त जागांची झळ दोन्हींना बसते. क्रमांक घसरला की पत्रकार परिषदेत उत्तर मात्र कुलगुरूंना द्यावे लागते.

परीक्षा बिघडली तर

कायद्यानुसार निकाल परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत आणि उशिरात उशिरा ४५ दिवसांत लागायला हवा. मुंबई विद्यापीठात २०१७च्या उन्हाळी परीक्षांपासून सर्व उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरले. उत्तरपत्रिका होत्या सुमारे १७ लाख. कल्पना वाईट नव्हती, चूक क्रमात झाली. एखाद्या लहान विद्याशाखेत आधी प्रयोग करून पाहिला नाही, कंत्राट परीक्षा तोंडावर असताना दिले गेले, आणि शिक्षकांचे प्रशिक्षण तपासणीबरोबरच चालू राहिले. पुरवण्या मूळ उत्तरपत्रिकेपासून सुटल्या, स्कॅन झालेली पाने जुळेनात. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली. परदेशी प्रवेश घेतलेल्या आणि पदव्युत्तर वर्गांसाठी थांबलेल्या विद्यार्थ्यांचे हाल झाले. ऑगस्टमध्ये कुलगुरू रजेवर गेले आणि ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी त्यांना पदावरून दूर केले. तेव्हाही मुंबईचा अतिरिक्त कार्यभार कोल्हापूरच्या कुलगुरूंकडेच आला होता.

कुलगुरूला काढण्याची तरतूद कायद्यात असली तरी चौकशी आणि बाजू मांडण्याची संधी या पायऱ्या टाळता येत नाहीत. म्हणूनच तिचा वापर विरळा. बहुतेक वेळा मतभेद पराकोटीला गेले की राजीनामा येतो.

पदावरून उतरल्यावर

मुदत पूर्ण झाली आणि सेवानिवृत्तीचे वय उलटलेले नसेल, तर कुलगुरू आपल्या मूळ विभागात प्राध्यापक म्हणून परत जाऊ शकतात, कारण मूळ पदावरचा त्यांचा धारणाधिकार (त्या पदावर परतण्याचा हक्क) राखलेला असतो. मग कालपर्यंत ज्यांच्या रजा मंजूर केल्या त्या विभागप्रमुखांकडेच रजेचा अर्ज द्यावा लागतो. बहुतेकांचे वय मात्र तोवर साठीपलीकडे गेलेले असते आणि ते निवृत्त होतात.