पन्नास वर्षांचं विमान पाच जण मिळून का घेतात?

काही जण मिळून वापरलेलं छोटं विमान घ्यायला निघाले, की दोन नावं हमखास पुढे येतात: सेसना १७२ आणि पायपर चेरोकी. विमान अनेकदा घेणाऱ्यांहून वयाने मोठं असतं. चार आसनांची, एका पिस्टन इंजिनाची ही जुनी यंत्रं आजही बाजारात का आहेत आणि ती भागीदारीत का घेतली जातात, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्यांच्या इतिहासात सापडतं.

मिळून उडण्याची कल्पना तशी जुनी. डी हॅविलंड मॉथने १९२५ च्या फेब्रुवारीत पहिलं उड्डाण केलं आणि त्याच वर्षी ब्रिटिश हवाई मंत्रालयाने हलक्या विमानांच्या क्लबांना मदत देऊ केली. पण क्लबचं विमान क्लबच्याच मालकीचं. सभासद फक्त उडालेल्या तासांचे पैसे मोजणार. विमानातच वाटा घ्यायचा, तर वापरलेली विमानं मुबलक हवीत. ती मुख्यतः अमेरिकी कारखान्यांतून आली. १९५६ मध्ये बाजारात उतरलेलं १७२ आजवर ४४,००० हून अधिक बनलं आहे. इतकं दुसरं कुठलंच विमान बनलेलं नाही. १९७८ या एका वर्षात अमेरिकेत १७,८११ छोटी-मोठी खाजगी विमानं तयार झाली.

मग सगळं आटलं. अपघातांनंतरचे भरपाईचे दावे आणि त्यांपोटी उत्पादकांना भरावा लागणारा विमा यांचा बोजा वाढत गेला, मागणीही घसरली. १९८६ मध्ये सेसनाने पिस्टन इंजिनाची विमानं बनवणं थांबवलं. १९९१ मध्ये पायपरने दिवाळखोरीचा अर्ज केला. १९९४ मध्ये, ज्या वर्षी जेमतेम ९२८ विमानं बनली, अमेरिकेत कायदा झाला: १८ वर्षांहून जुन्या छोट्या विमानातल्या दोषासाठी उत्पादकावर सहसा दावा लावता येणार नाही. १९९६ मध्ये १७२ पुन्हा बनू लागलं, पण नव्या विमानाची किंमत साध्या पगारदाराच्या हाती परत आली नाही. त्याच्यासाठी उरली ती साठ-सत्तरच्या दशकांतली विमानं.

जुनं विमान घेणं एक वेळ परवडतं, पोसणं कठीण. हँगरचं, म्हणजे विमान ठेवायच्या शेडचं, भाडं, विमा आणि वार्षिक तपासणी हे खर्च विमान वर्षात दहा तास उडो वा दोनशे, चुकत नाहीत. ते वाटून घेता येतात, हे भागीदारीचं उघड कारण. माझ्या मते त्याहून मोठं कारण इंजिनात आहे. या विमानांत बहुधा असणाऱ्या लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (पंखा फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या) वर बसवलेला असतो. विमान आठवडेच्या आठवडे उभं राहिलं की त्यावरचं तेल निथळून जातं, दमट हवेत गंज धरतो आणि पुढे कॅम, म्हणजे त्या दांड्यावरचे उंचवटे, झिजत जातात. म्हणूनच उत्पादक ओव्हरहॉलसाठी (इंजिन पूर्ण उघडून नव्याने जुळवण्यासाठी) तासांबरोबर वर्षांचीही मर्यादा सांगतो: बऱ्याच मॉडेलांना २,००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी येईल ते. जाहिरातीत ‘कमी तास झालेलं इंजिन’ वाचून लोक भुलतात. पण वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या अशा इंजिनापेक्षा पाच जणांनी दर आठवड्याला उडवलेलं, जास्त तासांचं इंजिन मी केव्हाही पसंत करेन.

ब्रिटनच्या नियमांनी या पद्धतीला चौकट दिली: एका विमानाचे जास्तीत जास्त २० सहमालक, प्रत्येकाचा वाटा किमान ५ टक्के. या मर्यादेत राहिलं, की खर्च वाटून केलेलं उड्डाण खाजगीच धरलं जातं.

अलीकडे विमानांचं वय वेगळ्या रीतीने समोर आलं आहे. २०१८ मध्ये फ्लोरिडात प्रशिक्षण उड्डाणावरच्या एका पायपर पीए-२८ (चेरोकीच्याच कुटुंबातल्या) विमानाचा पंख हवेतच तुटला आणि आतले दोघेही दगावले. पंखाचा भार पेलणाऱ्या मुख्य तुळईला, म्हणजे स्पारला, धातूच्या थकव्याची चीर गेली होती. २०२१ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक एफएएने पीए-२८ आणि पायपरच्याच पीए-३२ च्या अनेक मॉडेलांसाठी स्पारची तपासणी बंधनकारक केली. ती कधी करायची हे विमान एकूण किती तास उडालं आणि दर शंभर उड्डाण-तासांनी होणाऱ्या किती तपासण्या झाल्या यावरून ठरतं. त्या तपासण्या मुख्यतः भाड्याने दिलेल्या आणि प्रशिक्षणाच्या विमानांना लागतात, त्यामुळे त्यांच्या संख्येवरून विमानाने किती खडतर वापर सोसला याचा अंदाज येतो. हा हिशेब मांडायला पहिल्या उड्डाणापासूनची लॉगबुकं, म्हणजे उड्डाणांच्या आणि दुरुस्त्यांच्या नोंदवह्या, लागतात. म्हणून वाटे ठरवण्याआधी ती सगळी मागून घ्यावीत, आणि मधलं एखादं गहाळ असेल तर स्पारच्या तपासणीचा खर्च धरूनच किमतीचं बोलणं सुरू करावं.